सोनकुसऱ्यांच्या भिंतीवरची चित्रं

“चित्राच्या पोटावर?” मार्तंडनं विचारलं.

“पोटावरच,” साल्पेकर म्हणाले. “पाठीमागून मारला तर चोराला काय फरक पडतो? तो चित्र चौकटीत घालणार, शिक्का जाणार भिंतीकडे. ठराव झालाय तसा. प्रत्येक चित्रावर, मधोमध, ठळक.”

त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलून मार्तंडपुढे सरकवला. लाकडी मुठीचा, चांगला पुरीएवढा गोल शिक्का. शाई जांभळी. एकदा उठला की त्या पानाच्या जन्माला पुरायचा. मार्तंडनं त्याला हात लावला नाही. तो नुसता उभा राहिला, आणि साल्पेकरांना त्याच्याकडे बघवेना म्हणून ते खिडकीबाहेर बर्डीवरची रहदारी बघत बसले.

कृष्णकांत साल्पेकर हे सीताबर्डीवरच्या त्या जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि मार्तंड सोनकुसरे तिथला दप्तरी. दप्तरी म्हणजे फाटलेल्या, उसवलेल्या, वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकांना शिवून, चिकटवून, पुठ्ठे चढवून पुन्हा उभं करणारा माणूस. सव्वीस वर्षं तो जिन्याखालच्या खोलीत हेच करत होता. वाचनालयात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत होता आणि ज्यांना माहीत होता त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. त्याचीही तक्रार नव्हती. पुस्तक हातात धरलं की ते आपणहून मिटू नये आणि आपणहून उघडूही नये, एवढंच त्याला जगाकडून हवं असे.

हे सगळं १९७४च्या जुलैतलं. महिन्यापूर्वी कुणीतरी पक्ष्यांच्या एका जाडजूड पुस्तकातली दोन रंगीत चित्रं ब्लेडनं कापून नेली होती. वाचनालयाचे अध्यक्ष भैय्याजी हे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी केला नसता, पण नियम करण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. त्यांनी ठराव मांडला आणि समितीनं चहाबरोबर तो संमत केला. यापुढे वाचनालयातल्या प्रत्येक रंगीत चित्रावर शिक्का. आठवड्यात गोविंदा शिपायानं दोनशे पुस्तकं उरकली. स्त्रियांच्या मासिकातले स्वेटरचे नमुनेसुद्धा त्याच्या तावडीतून सुटले नाहीत. राहिलं होतं ते एकच पुस्तक, आणि ते मार्तंडच्या कपाटात कुलपात होतं.

ते पुस्तक आठ वर्षांपूर्वी आलं. शहरातले एक बॅरिस्टर वारले, त्यांच्या घरच्यांनी पेट्या भरभरून पुस्तकं धाडली. त्यातलं हे सगळ्यात मोठं. दोघांनी दोन बाजूंनी धरावं असं वजन, वर गव्हाळ रंगाचं खादीसारखं कापड, त्यावर दाबून उठवलेली सोनेरी अक्षरं, आणि ते ठेवायला खास केलेली पुठ्ठ्याची पेटी. कुठल्याशा परदेशी छापखान्यात अशा थोड्याच प्रती काढल्या होत्या. आत या शतकातली नामांकित चित्रं, चोवीस. मजकूर कोणत्या भाषेतला हे साल्पेकरांनाही नक्की सांगता येईना. प्रत्येक चित्र वेगळ्या चकचकीत कागदावर छापून जाड करड्या पानावर डकवलेलं, आणि त्यावर लाज राखायला एक झिरझिरीत कागद.

मार्तंडनं पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा चित्राकडे त्याचं लक्षच गेलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की चित्र फक्त वरच्या कडेला चिकटवलंय. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. बोटानं उचललं की फडफडतंय. “कामचोर आहे लेकाचा,” तो गोविंदाला म्हणाला. “एवढं महागाचं पुस्तक आन् खळ वाचवली.” परदेशातल्या त्या अनोळखी कारागिराबद्दलचं हे मत त्यानं पुढे कधी बदललं नाही.

मग केव्हातरी चित्रही दिसलं. एक बाई, तिचं अर्धं तोंड समोरून आणि अर्धं बाजूनं. मार्तंडला आधी हसू आलं, मग येईना. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असे. त्या वेळात दर शनिवारी तो साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, पुसून, ते पुस्तक काढायचा. कुणी विचारलं तर शिवण तपासतो म्हणायचा. एका शनिवारी दोनच चित्रं. जास्त पाहिली तर एकमेकांत मिसळतात असं त्याचं म्हणणं. बारा शनिवारांत पुस्तक संपायचं आणि तेराव्याला पुन्हा तोंड अर्धं फिरवलेली ती बाई.

चित्राखाली बारीक अक्षरात काहीबाही छापलेलं असे. त्यातले फक्त आकडे त्याला वाचता येत. एकदा त्यानं साल्पेकरांना विचारलं, तर ते म्हणाले, “ते मूळ चित्राचं माप आहे, सोनकुसरे. सेंटिमीटरमध्ये. उंची आणि रुंदी.”

“म्हंजे हे एवढंसं नाई?”

“छे हो. हे बघा, हे तर तुमच्या माझ्यापेक्षा मोठं आहे.”

त्या दिवशी मार्तंड पाचपावलीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेला. चित्रं पानाएवढी नव्हती. ती कुठंतरी भिंतींवर होती, खरी, आणि त्यांना उंची होती. विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाला मापाचं जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशाचं कळत नाही. त्याचा बाप नऊवारी लुगडी विणायचा. घरामागं मागाची लांबट खोली होती. तिच्यात खड्ड्याचे चार माग होते. बाप गेला, गिरणीच्या कापडापुढं हातमाग टिकेना, एकेक करून ते विकले गेले आणि खड्डे मातीनं बुजवले. उरली ती मोकळी खोली आणि तिची अठरा हात लांब भिंत.

त्या भिंतीवर त्यानं खिळे ठोकले आणि बापाच्या वेळचा उरलेला ताण्याचा दोरा ताणून पहिली चौकट केली. पावणेतीन हात उंच, दोन हात रुंद. तोंड अर्धं फिरवलेली बाई तिच्यात राहायला आली.

कांताबाई, त्याची बायको, दारात उभी राहून बघत होती. “हे काय बांधून राहिले अजी? पापड वाळू घालाचे का?”

“चित्र आहे.”

“कुठी?”

मार्तंड तिला सांगू लागला. बाई कशी आहे, तिचं नाक कुठं, दुसरा डोळा कुठं. कांताबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “बिमार होती का ते?”

“नाई वं. तशीच काढली.”

“मंग नवऱ्यानं काढली असंल,” कांताबाई म्हणाली आणि चुलीकडे गेली. पण दुसऱ्या दिवशी झाडताना तिनं त्या चौकटीपुढची जागा जरा जास्त निगुतीनं झाडली.

मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी बोलायला विषय असा फारसा नसे. आता तो मिळाला. दर शनिवारी मार्तंड दोन चित्रं डोळ्यांत धरून घरी यायचा, मधे कुणाशी बोलायचा नाही, आणि चहा होताच कांताबाईला सांगायचा. चोवीस चित्रं भिंतीत मावेनात. अकराच मावत. मग कोणती ठेवायची आणि कोणती उतरवायची यावर दोघांची तासन्‌तास खडाजंगी. तीन वांग्यांचं एक चित्र कांताबाईला फार आवडायचं. मार्तंडला ते साधं वाटे. नुसत्या पिवळ्या रंगात एक काळी रेघ, असंही एक होतं. ते मार्तंडनं भिंतीच्या ऐन मधोमध टांगलं.

“तुमच्या या रेघेवाल्यानं माह्या वांग्याचं तेज जाते,” कांताबाई तक्रार करायची. “त्याले तिकडं दरवाज्यापाशी न्या.”

आणि गंमत म्हणजे न्यावंच लागे, कारण तिचं बरोबर असे. खिळे उपटायचे, दोरे सोडायचे, पुन्हा बांधायचे. ज्या वस्तू राजेरजवाड्यांच्या आणि शेठसावकारांच्या घरी असायच्या, त्या हे नवराबायको वर्षानुवर्षं इकडून तिकडे हलवत होते. पाहुणे येत, दोऱ्यांकडे बघत, काही बोलत नसत. मार्तंडचा थोरला भाऊ एकदा बोलला, की भूतबाधा असंल तर उमरेडले एक जाणता आहे.

“तू एक डाव पुस्तक पाहाले चाल ना,” मार्तंड तिला म्हणायचा. “साहेब काई म्हनत नाई.”

“मी काहून येऊ तिथं? मोठमोठे लोक वाचत बसते. तुमी सांगता ना, तेवढं मले पुरते.”

तर असं ते पुस्तक, आणि त्यातल्या चोवीसही जणांच्या पोटावर आता पुरीएवढा जांभळा गोल उठायचा होता. पिवळ्यावर जांभळा. बाईच्या अर्ध्या तोंडावर जांभळा. एकदा तो उठला की पुढच्या शनिवारपासून डोळे मिटले तरी शिक्काच दिसणार आणि घरी जाऊन सांगायचं काय, हे मार्तंडला लख्ख कळलं. सव्वीस वर्षांत त्यानं कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं. 

“साहेब,” शेवटी तो म्हणाला, “चोर नेते काहून? तर चित्र नुसतं वरतून एका बोटानं चिकटवलं आहे म्हून. उचललं का आलं हातात. मी पुऱ्या पाठीले खळ लावून बसवून देतो. चारी बाजूनं. मंग त्याच्या बापाच्यानं निघनार नाई. शिक्क्याचं कामच काय?”

साल्पेकर भित्रे होते, पण वाईट नव्हते. त्यांनाही ते पुस्तक विद्रूप व्हायला नको होतं. फक्त तसं म्हणायची हिंमत त्यांना कुणाच्यातरी भरवशावर करायची होती. “खात्री आहे?”

“मारोतराव उस्तादाच्या हाताखाली शिकलो साहेब. माही चिकटवलेली वस्तू आजलग निघाली नाई.”

हे खरंच होतं. साल्पेकर त्या संध्याकाळी भैय्याजींकडे गेले आणि स्वतःच्या शब्दावर आठ-दहा दिवसांची सूट घेऊन आले. “चिकटवा म्हणे. आणि एक जरी चित्र सुटलं तर शिक्के मारून टाका.”

मार्तंडनं खळ स्वतः शिजवली. मैदा, चिमूटभर तुरटी, कसर लागू नये म्हणून मोरचूद. पातळ फडक्यातून दोनदा गाळली. त्याची आई ताण्याला द्यायची खळ अशीच गाळायची. मग पहिलं चित्र उचललं, पाठीला मऊ कुंचल्यानं कडेपर्यंत खळ दिली आणि ओल्या फडक्यानं दाबून, हवेचा एक बुडबुडा न ठेवता बसवलं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत चोवीसही झाली. ओल लागली की कागद वाकडातिकडा व्हायचा. मार्तंडला त्याची चिंता नव्हती. ओला कागद वाकणारच आणि शिकंज्यात गेला की सरळ होणारच. सगळी चित्रं झाल्यावर त्यानं वरचे झिरझिरीत कागद पुन्हा जागच्या जागी पसरले, पुस्तक मिटलं, खालीवर फळ्या दिल्या आणि शिकंज्याचा दांडा अंगाचा भार टाकून फिरवला. आठ दिवस. उस्तादाचा नियमच होता. घाई केली की पुस्तक तोंड वासते.

ते आठ दिवस मार्तंडच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. त्यानं कधी कुणाशी भांडण करून काही मिळवलं नव्हतं, आणि हे मिळवलं होतं. आपण निवृत्त झालो, मेलो, तरी त्या पुस्तकातलं एक चित्र हलणार नाही. घरी येऊन त्यानं कांताबाईची वांगी आपणहून मधोमध आणली.

“आज काय झालं अजी?” तिनं विचारलं.

“काई नाई. शोभते तिथं.”

नवव्या दिवशी दुपारी, वाचनालय बंद असताना, त्यानं हात धुतले, शिकंजा सैल केला आणि पुस्तक टेबलावर घेतलं. ते हाताला नेहमीपेक्षा सपाट लागलं. कडा एकसारख्या. मनात तो म्हणाला, वा. मग त्यानं पुठ्ठा उघडला. पुठ्ठा उघडला, पण त्याखालचं काही उघडेना.

आधी त्याला वाटलं, दोन पानं जोडून आली असतील. त्यानं हाडाची पट्टी कडेनं आत घातली आणि जरा जोर दिला. चर्र आवाज झाला. झिरझिरीत कागद वर आला आणि त्याच्याबरोबर बाईचं कपाळ वर आलं. खाली करड्या पानावर राहिला तो नुसता पांढरा खरबरीत डाग. मार्तंडनं पट्टी ठेवून दिली. थोड्या वेळानं पुन्हा उचलली आणि शेवटच्या बाजूनं, मग मधून, असं करून पाहिलं. सगळीकडे तेच. चित्र वरच्या कागदाला, तो कागद समोरच्या पानाला, ते पान पुढच्या चित्राला. चोवीसच्या चोवीस चित्रांची मिळून एक वीट झाली होती.

तो उठला आणि त्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं. किटलीत पाणी उकळून वाफ देऊन पाहिली. वाफेनं ते आणखीनच चिकटलं. चार वाजता गोविंदानं दार वाजवलं तेव्हा मार्तंड स्टुलावर बसला होता आणि त्याच्या दोन्ही हातांना रंग लागला होता. पिवळा, आणि थोडा करडा.

“काय झालं गा मार्तंडभाऊ?”

“काई नाई,” मार्तंड म्हणाला. “मेलं पुस्तक.”

वाचनालयाचे अहवाल छापून देणारे बाबनराव दुसऱ्या दिवशी काही कामानं आले होते. त्यांनी ती वीट उलटीपालटी करून पाहिली आणि हळहळत मान हलवली.

“अरे, हा चकचकीत कागद म्हंजे काय आपला गॅझेटचा कागद आहे? याच्यावर खडूची माती आन् सरस, याचा लेप देते. पानी लागलं का तो सरस पुन्हा जिता होते. म्हून तर ते लोक वरच्या कडेले टेकवते नुसतं. ओल नको म्हून.” मग मार्तंडच्या तोंडाकडे बघून ते घाईनं म्हणाले, “आता तुले कसं मालूम असनार बापा. तुह्यापाशी असा कागद येतेच कवा.”

मार्तंडला ते समजलं. समजायला अवघड काहीच नव्हतं. कुठल्यातरी परदेशी खोलीत बसून त्या कारागिरानं चोवीस वेळा हात आखडता घेतला होता, आणि आपण त्याला आठ वर्षं कामचोर म्हणत आलो.

साल्पेकरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं. रागावण्याइतकं त्राणही त्यांच्यात नव्हतं. “मी असं लिहितो, की छत गळालं. जुलैचा महिना आहे. वाचनालयाचं छत गळतं हे भैय्याजींना माहीत आहे, त्यांनीच बांधलंय. कोणी विचारणार नाही.”

“पानी छतातून नाई आलं साहेब.”

“मला माहीत आहे हो. तुमची पाच वर्षं राहिली आहेत. मी तुमच्यासाठीच म्हणतोय.”

“तुमी मनाचे चांगले आहा. पन माह्या हातानं गेलं ते माह्या हातानंच लिवतो.” त्यानं साल्पेकरांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि सातवी पास माणसाच्या जाड, उभ्या अक्षरात स्वतःच लिहिलं. सदर पुस्तकातील चित्रे २४ माझ्या चुकीच्या पद्धतीमुळे नष्ट झाली. छताचा संबंध नाही. खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी साल्पेकरांकडे दिला.

समितीपुढे त्याला उभं केलं. भैय्याजींनी वीट हातात घेऊन तोलून पाहिली आणि ती खाली ठेवत म्हणाले, “शिक्का मारू दिला असता तर चित्रं तर राहिली असती.”

ते काही लागट बोलायचं म्हणून बोलले नव्हते. पण मार्तंडला आयुष्यात कुणाचं बोलणं इतकं लागलं नाही, कारण ते अगदी खरं होतं. जांभळ्या शिक्क्याखाली का होईना, बाई राहिली असती. पिवळा राहिला असता. आपल्याला ती डागाशिवाय हवी होती. समितीनं त्याला लेखी समज दिली, पुस्तक बाद केलं, आणि ते रद्दीच्या गाडीत गेलं त्या दिवशी तो रजेवर राहिला.

घरी त्यानं कांताबाईला पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं.  सांगून झाल्यावर तिनं फक्त विचारलं, “वांगे बी?”

“समदेच.”

ती उठून मागाच्या खोलीत गेली.  बऱ्याच वेळानं ती परत आली आणि तिनं भाकरी थापायला घेतली.

शनिवार येत राहिले. बारा ते चार मार्तंड गॅझेटं शिवायचा. संध्याकाळी घरी आला की अंगणात बसायचा, मागाच्या खोलीकडे जायचा नाही. कांताबाई चहा आणून द्यायची आणि जवळ बसायची. बोलायला विषय नव्हता. वाचनालयात नवे लोक आले, त्यांनी नवी पुस्तकं आणली, एकदोन चित्रांचीही होती. साल्पेकरांनी मुद्दाम एक त्याच्याकडे पाठवलं. त्यानं ते न उघडता परत केलं. आपला हात त्याला लागू नये असं त्याला वाटे. रागानं नव्हे. खरंच तसं वाटे.

दिवाळीच्या आधी दरवर्षी भिंतीला चुना द्यायचा असे आणि त्यासाठी दोरे, खिळे सगळं काढावं लागे. त्या वर्षी ते कांताबाईनंच काढलं, चुनाही तिनंच दिला. मार्तंडला वाटलं, संपलं एकदाचं. पण भिंत वाळल्यावर एका सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून तो मागच्या खोलीत डोकावला, तर कांताबाई स्टुलावर चढून खिळे मारत होती. चार चौकटी झाल्या होत्या. तोंडात दोन खिळे धरलेले, कमरेला दोऱ्याचा गुंडा.

“काहून वं? आता काय आहे त्याच्यात?”

तिनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. “जे होतं तेच आहे. मी कुठी तुमचं पुस्तक पायलं होतं?”

मार्तंड दाराला टेकून उभा राहिला. ती नवी चौकट ताणत होती, कोपऱ्यातली, दोन हात उंच, दीड हात रुंद. माप त्याला न बघता आलं. “हे ते म्हातारी बसलेली,” तो म्हणाला. “खिडकीपाशी. लाल शाल घेतलेली.”

“हिरवी.”

“लाल वं.”

“हिरवी,” कांताबाई म्हणाली. “ओल्या हरबऱ्यावानी हिरवी, असं तुमीच सांगतलं होतं. पाच-सहा डाव सांगतलं.”

ओल्या हरभऱ्यासारखी. शब्द त्याचाच होता, तो त्याला ओळखू आला. त्यानं डोळे मिटले. म्हातारी आली, खिडकी आली, खांदा आला. शाल लाल आली. त्यानं पुन्हा मिटले, तर शालीच्या जागी तो पांढरा खरबरीत डाग आला आणि हळूहळू म्हातारीच्या मांडीवर, हातांवर पसरत गेला. कुणाचं खरं, हे बघायला उठून जावं अशी जागा आता जगात त्याच्या ओळखीची उरली नव्हती.

“हिरवी असंल,” तो म्हणाला.

“होतीच.”

तो आत आला. चुन्याचा ओला वास अजून खोलीत होता. भिंतीपुढे तो खाली जमिनीवर बसला, बुजवलेल्या खड्ड्याच्या मातीवर, आणि बराच वेळ त्या कोपऱ्यातल्या दोऱ्यांकडे बघत राहिला.

“कांता,” त्यानं विचारलं, “तिच्या मांडीवर काय होतं वं?”

कांताबाईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग ती स्टुलावरून उतरली, पदराला हात पुसले, त्याच्या शेजारी येऊन बसली आणि खिडकीपासून सांगायला लागली.